प्रथमा, बागेश्री आणि ०३२३३ : कोकणच्या कासवांचा माग

टिटवाळा स्थानकाच्या फलाटावर उभे राहून, न थांबता कसाऱ्याकडे धावणाऱ्या मेलगाडीचा भोंगा ऐकला तर एक गोष्ट ध्यानात येते. गाडी जवळ येत असताना स्वर चढा असतो. ती समोरून निघून जाताच तो एकाएकी उतरतो. अरबी समुद्रातील कासवांचा ठावठिकाणा आज ज्या युक्तीने कळतो, तिचे मूळ या उतरत्या स्वरात आहे.

ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये हा नियम मांडला. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलटने त्याची परीक्षा घेतली, तीही आगगाडीवरच. गाडीवर तुतारीवादक बसवले, रुळांलगत तयार कानाचे वादक उभे केले आणि स्वर किती उतरतो ते टिपून घेतले. मुंबई-ठाणे गाडी सुरू व्हायला तेव्हा अजून आठ वर्षांचा अवकाश होता.

पुढे १९५७ मध्ये सोव्हिएत संघाचा स्पुत्निक पृथ्वीभोवती फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतील गायर आणि वायफेनबाख या दोन तरुण शास्त्रज्ञांनी त्याचा चढता-उतरता ध्वनी ऐकून त्याची कक्षा शोधून काढली. जमिनीवरून आकाशातील वस्तू सापडते, तर आकाशातून जमिनीवरची का सापडू नये? या उलट्या विचारातून पुढे १९७८ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका यांची ‘आर्गोस’ यंत्रणा उभी राहिली. कासवाच्या पाठीवरील लहानसा प्रेषक हाक देतो, सुमारे ८५० किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह ती ऐकतो आणि हाकेच्या कंप्रतेतील फरकावरून ठिकाणाचे गणित मांडले जाते.

अडचण एवढीच, की खाऱ्या पाण्याखालून रेडिओलहरी बाहेर पडत नाहीत. त्यामुळे कासव श्वासासाठी वर आले, तरच हाक पोहोचते. यंत्रातील संवेदक पाण्याखाली असताना प्रेषण थांबवतो आणि विजेरीची बचत करतो.

त्यापूर्वीची पद्धत फारच साधी होती. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५५ पासून कोस्टा रिकातील तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर माद्यांना धातूचे बिल्ले लावायला सुरुवात केली. बिल्ल्यावर क्रमांक, परतीचा पत्ता आणि बक्षिसाचे आश्वासन. कासव कोठे सापडले हे कळवायचे कोणी, तर ज्याने ते पकडले त्यानेच! निकाराग्वाच्या कोळ्यांकडून बिल्ले परत येऊ लागले, तेव्हा तोर्तुगेरोची कासवे चरायला कोठे जातात याचा उलगडा झाला. कार यांनी कासवांना फुगे बांधून त्यांचा माग घेण्याचाही प्रयोग केला होता.

कोकणात ही कथा उशिरा पोहोचली. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांना ठाऊक असते. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालत. ती अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला आरंभ केला. अंडी कुंपणात हलवायची, सुमारे पन्नास दिवस राखण करायची, पिले बाहेर पडली की समुद्रात सोडायची. काही वर्षांतच वेळासच्या कासव महोत्सवाला दूरदूरचे लोक येऊ लागले.

पण आईचे काय? अंडी घालून ती लाटांत शिरली की गावाचा तिच्याशी संबंध संपे. ज्यांच्या बातमीदारांचे जाळे हिंदुस्थानभर पसरले होते, त्या नानांच्या गावाला आपल्याच किनाऱ्यावरून गेलेल्या पाहुणीची खबर मिळत नव्हती.

२५ जानेवारी २०२२ रोजी ती मिळू लागली. कांदळवन प्रतिष्ठान, वन विभाग आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांच्या प्रकल्पात डॉ. आर. सुरेश कुमार यांच्या चमूने वेळासला एका मादीच्या कवचावर प्रेषक चिकटवला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असे यंत्र लावलेली ही पहिली ऑलिव्ह रिडले. म्हणून तिचे नाव प्रथमा. त्याच सुमारास आंजर्ल्याला सावनी आणि फेब्रुवारीत गुहागरला वनश्री, रेवा व लक्ष्मी यांनाही यंत्रे लागली. (किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती मादीच, नर सहसा वाळूवर पाय ठेवत नाही. त्यामुळे हा सारा इतिहास माद्यांचाच आहे.)

सगळ्या एका वाटेने गेल्या नाहीत. प्रथमा उत्तरेला गुजरातच्या समुद्राकडे वळली, इतर काहींनी दक्षिणेची वाट धरली. लक्ष्मीचे संदेश काही आठवड्यांतच थांबले. पुढील वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गुहागरहून बागेश्री आणि गुहा निघाल्या. गुहा लक्षद्वीपच्या परिसरात गेली. बागेश्री मात्र कर्नाटक, केरळ, कन्याकुमारी ओलांडून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. कोकणची कासवे अरबी समुद्रातच राहतात असे धरून चालण्याला तिने छेद दिला.

तरीही या यंत्राची मर्यादा मोठी आहे. विजेरी संपते, चिकटवण सुटते, कवचाचा थर झडतो, अँटेना मोडते. किंवा कासव ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मरते. कारण कोणतेही असो, पडद्यावर दिसते ते एकच: संदेश नाही. लक्ष्मीचे नक्की काय झाले, हे त्या शांततेवरून ठरवता येत नाही. आणि बागेश्री पूर्वेकडे गेली खरी, पण तिकडे तिने अंडीही घातली का? उपग्रहाने या प्रश्नाचे उत्तर दिले नाही.

उत्तराकडे नेणारा दुवा आला तो आर्ची कार यांच्या जुन्या पद्धतीतून. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरच्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूचा बिल्ला आढळला. क्रमांक ०३२३३. चौकशीअंती कळले, की तो १८ मार्च २०२१ रोजी ओडिशातील गहिरमाथा येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लावला होता. गहिरमाथा म्हणजे लाखो कासवांच्या सामूहिक विणीचा किनारा, १९७४ मध्ये रॉबर्ट बस्टर्ड यांच्यामुळे जगापुढे आलेला. तेथील मादी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून कोकणात अंडी घालते, याची ही पहिली नोंद ठरली. दोन किनाऱ्यांची कासवे म्हणजे दोन वेगळे संसार, हे गृहीतक आता तसेच्या तसे ठेवता येणार नव्हते.

विजेरी नाही, अँटेना नाही. नुसता आकडे कोरलेला पत्रा जवळजवळ चार वर्षे खाऱ्या पाण्यात टिकला. त्याने दोन टोके जोडली, मधला मार्ग मात्र सांगितला नाही. ती श्रीलंकेला वळसा घालून आली असावी, असा तर्क करता येतो. आणि त्या तर्काला आधार आहे तो बागेश्रीने दोन वर्षांपूर्वी उलट दिशेने आखून ठेवलेल्या रेषेचा.