शुश्रूषा

रत्नागिरीजवळच्या एका वृद्धाश्रमात मावशी पेजेची वाटी घेऊन आजींच्या उशाशी बसल्या होत्या. आजींनी दोन दिवस अन्न सोडलेलं. मावशींनी चमचा पुढे केला नाही, कान ओठांशी नेला. ‘काय म्हणताय, आजी?’ खिडकी उघडायला हवी होती, एवढंच.

ही अगदी धात्वर्थाने शुश्रूषा. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्याचं इच्छादर्शक रूप शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. जिज्ञासा, पिपासा याच घरातल्या. गुरूचं ऐकणाऱ्याने त्याची सेवाही करायची, म्हणून सेवा हा अर्थ आला आणि मराठीत तोच उरला. (पाट्यांवरचं ‘सुश्रुषा’ चूक, सुश्रुत मात्र याच धातूचा.)

मरणाला टेकलेल्यासाठीचा ‘मुमूर्षू’ही याच साच्यातला: ‘मृ’पासून, शब्दशः मरू इच्छिणारा. व्याकरणाने इथे सूट दिली आहे: इच्छा नव्हे, घडण्याच्या बेतात, एवढाच अर्थ घ्यायचा.

अशा मरणाला टेकलेल्यांसाठी 1986 मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथल्या वेदना हलक्या करणाऱ्या उपचारांना ‘पॅलिएटिव्ह’ म्हणतात. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं पांघरूण आहे. कोकणच्या पावसात तेही लागतंच म्हणा. त्या दिवशी खिडकी उघडल्यावर मावशींनी आजींच्या पायांवर गोधडी ओढली.