दोन ओहमचा प्रश्न : कार्ट्रिज, प्रीअँप आणि ‘अस्सल’ आवाज

ध्वनिमुद्रिकांविषयी आपण बोलतो तेव्हा गायकाविषयी बोलतो, फार तर कंपनीविषयी. सुईने खोबणीतून उचललेला क्षीण विद्युतसंदेश श्रवणयोग्य आवाजापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न तंत्रज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी तरी असे करू नये. पोथी आणि आपण यांच्यामध्ये लेखनिकांची परंपरा उभी असते, हे आपण वर्गात पहिल्याच तासाला सांगतो. तबकडी आणि कान यांच्यामध्येही असाच एक लेखनिक बसलेला आहे, आणि त्याच्या हातून होणाऱ्या गफलती पोथीतल्या गफलतींइतक्याच जुन्या सवयीच्या आहेत.

तबकडीवर आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो, येथून सुरुवात करावी लागेल. खर्जाचे स्वर मूळ जोराने कोरले तर खोबण शेजारच्या खोबणीत शिरेल. म्हणून ते दाबून कोरतात. तार स्वर उलट वाढवून कोरतात, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीवर त्यांना मात करता येते. वाजवताना ही क्रिया उलटी करायची असते. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे आर.आय.ए.ए.ने, यासाठी एक प्रमाण वक्ररेषा ठरवली. १,००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे नऊ पट वाढ आणि २०,००० हर्ट्झला जवळपास तितकीच घट, असे तिचे स्वरूप आहे. फोनो प्रीअँपचे पहिले काम हे. त्याआधी कंपनीगणिक वक्ररेषा वेगळ्या होत्या. तेव्हा १९५० ची तबकडी आजच्या प्रीअँपवर निमूटपणे वाजवणे म्हणजे मोडीतला मजकूर बाळबोध समजून वाचण्यासारखे आहे.

दुसरे काम संदेश मोठा करण्याचे. येथे मात्र सगळ्या सुया सारख्या नाहीत. मध्यमवर्गीय घरांतल्या साध्या रेकॉर्डप्लेअरमध्ये स्फटिकाचे किंवा सिरॅमिकचे कार्ट्रिज असे. ते भरपूर व्होल्टेज देई, वक्ररेषेची दुरुस्तीही बऱ्याच अंशी आपसूक होई, वेगळ्या प्रीअँपची गरजच नसे. (रोशेल क्षाराचे स्फटिक दमट हवेत खराब होत. कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी.) त्याच्या वरच्या पायरीवर चलचुंबक कार्ट्रिज. सुईच्या दांडीला चिमुकले चुंबक, वेटोळे स्थिर. शुअर या अमेरिकी कंपनीने १९५८ मध्ये स्टिरिओसाठी असे कार्ट्रिज बाजारात आणले. ते तीन ते पाच मिलिव्होल्ट देते आणि ४७,००० ओहमच्या भारावर सुखाने चालते. जगातल्या बहुतेक प्रीअँपची रचना हाच आकडा गृहीत धरून झाली.

तिसरा प्रकार या लेखाचा खरा विषय आहे. चुंबक स्थिर आणि वेटोळे हलते. हलणारी वस्तू हलकी हवी, म्हणून तारेचे वेढे मोजकेच. वेढे मोजके म्हणून व्होल्टेज अत्यल्प आणि इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण अडथळा, तोही अत्यल्प. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉन कंपनीची १९५९ ची एस.पी.यू. ही या घराण्याची मूळ पुरुष. रॉबर्ट गुडमनसेन यांनी ती रचली. इम्पीडन्स २ ओहम, व्होल्टेज सुमारे ०.२ मिलिव्होल्ट. ही कंपनी १९१८ मध्ये आक्सेल पेटरसन आणि आर्नोल्ड पोलसन यांनी बोलपटाच्या संशोधनासाठी सुरू केली होती; पुढे ती तबकडी कोरणारी यंत्रे बनवू लागली. मला हा तपशील निर्णायक वाटतो. ज्यांनी कोरण्याचे यंत्र बनवले त्यांनीच वाचण्याचे यंत्र बनवले, आणि ते बनवताना गिऱ्हाइकाच्या सोयीपेक्षा सुईच्या हालचालीला मान दिला. गैरसोय पुढच्या यंत्राने सोसावी.

ती गैरसोय नेमकी कोणती? ०.२ मिलिव्होल्ट हा संदेश चलचुंबकाच्या प्रीअँपला थेट जोडला तर तो पंचवीस पट कमी भरतो. आवाजाची कळ तितकी फिरवली की प्रीअँपची स्वतःची सूंसूंही पंचवीस पट वाढते. बेल प्रयोगशाळेतील जॉन्सन आणि नाइक्विस्ट या दोघा स्वीडिश वंशाच्या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये दाखवून दिले होते की प्रत्येक रोधकात उष्णतेमुळे गोंगाट असतोच, आणि रोध जितका जास्त तितका गोंगाट जास्त. दोन ओहमचे वेटोळे त्या हिशेबाने कमालीचे शांत. गोंगाट होता तो त्या काळच्या व्हॉल्व्हमध्ये. म्हणून मध्ये एक रोहित्र आले. रोहित्र म्हटले की आपल्याला गल्लीच्या तोंडावर जळालेला डबा आठवतो. हे रोहित्र काडेपेटीएवढे असते, आणि स्वतःचा गोंगाट जवळजवळ न घालता व्होल्टेज वाढवते.

परंतु रोहित्र फुकट काही देत नाही. वेढ्यांचे गुणोत्तर १:१० असेल तर व्होल्टेज दहा पट होते, पण पलीकडचे ४७,००० ओहम कार्ट्रिजला शंभर पट कमी, म्हणजे ४७० ओहम दिसतात. गुणोत्तर १:३० केले तर ते ५२ ओहमवर येतात. एस.पी.यू.च्या दोन ओहमना याची फिकीर नाही. जपानच्या डेनॉन डी.एल.-१०३ चे मात्र तसे नाही. एन.एच.के. या नभोवाणी संस्थेच्या सहकार्याने १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसारणासाठी घडवलेले हे कार्ट्रिज ४० ओहमचे आणि ०.३ मिलिव्होल्टचे आहे. १:१० वर ते सुमारे २.८ मिलिव्होल्ट देते. १:३० वर त्याच्या तिप्पट मिळायला हवेत, मिळतात ५.१. बाकीचे कार्ट्रिजच्या स्वतःच्या अडथळ्यातच खर्ची पडतात.

‘मॅचिंग’ या शब्दाने येथे मोठा घोळ घातला आहे. दोन्हीकडचा इम्पीडन्स समान असावा, ही समजूत टेलिफोनच्या तारांवरून आली. तेथे जास्तीत जास्त शक्ती पोहोचवायची असते. कार्ट्रिजकडून शक्ती नको, व्होल्टेज हवे. म्हणून भार कार्ट्रिजच्या निदान दहा पट असावा, असा व्यवहारातला दंडक आहे. पुढे कमी गोंगाटाचे ट्रान्झिस्टर आले, रोहित्राला पर्याय मिळाला, आणि भार बदलण्याच्या कळा प्रीअँपवर बसल्या. येथून या इतिहासात समीक्षा शिरली. शंभर ओहमला आवाज ‘उबदार’, हजाराला ‘मोकळा’, असे अहवाल येऊ लागले. हे शब्द सर्वस्वी पोकळ नाहीत, पण त्यांचे कारण सांगितले जाते ते बहुधा चुकीचे असते. या वेटोळ्यांचे इंडक्टन्स इतके थोडे असते की थेट ट्रान्झिस्टरच्या प्रीअँपवर भार बदलल्याने श्राव्य पट्ट्यातील स्वरांचा समतोल फारसा ढळत नाही. वेटोळे आणि केबल मिळून जी झणझण होते ती कानाच्या मर्यादेच्या कितीतरी वर असते. ती काही प्रीअँपना सोसत नाही, इतकेच. आस्वादकांनी परिणाम आधी वर्णावा आणि कारण मागाहून जुळवावे, ही पद्धत आपल्याही विषयात अपरिचित नाही.

आज आपण जुने गाणे ऐकतो ते बहुधा कोणीतरी केलेल्या डिजिटल रूपांतरात, आणि रूपांतर झाले की तबकडी अनेकदा रद्दीत जाते. वक्ररेषा चुकली असेल, तर कोणती लावली होती हे लिहून ठेवल्यास ती नंतर सुधारता येते. काही संग्राहक म्हणूनच वक्ररेषा न लावताही एक प्रत करून ठेवतात. विसंगत प्रीअँपने मिसळलेला गोंगाट असा निवडून काढता येत नाही. लाखेच्या तबकडीत तिच्याच खरखरीखाली तो बुडून जाईल. एल.पी.वर विलंबित ख्याल सुरू होण्याआधीचा एकट्या तानपुऱ्याचा क्षण मात्र त्याच पातळीवर असतो, आणि रूपांतराच्या नोंदीत कार्ट्रिजचे नाव, रोहित्राचे गुणोत्तर आणि भाराचा आकडा नसेल, तर ऐकू येणारी सूंसूं तबकडीची की प्रीअँपची, हे पुढच्या ऐकणाऱ्याला कधीच ठरवता येणार नाही.