दत्तक आणि परतीची वाट
मराठवाड्यात दत्तकविधान, म्हणजे वंश व वारसा चालवण्यासाठी दुसऱ्याचा मुलगा विधिपूर्वक आपला करणे, बहुधा भावकीतच होई, त्यामुळे दत्तक गेलेल्याला जन्मघर परके होत नसे. परदेशी दत्तकाने जन्मघराशी असलेला हा धागा तुटला; अशा दत्तकातील गैरप्रकारांच्या तक्रारीवरून 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्बंध घातले. याउलट, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या सुमारे 1200 मुलांना भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात नेले. ही मुले दत्तक गेली नसल्याने त्यांचे नाव, भाषा व गाव टिकले. परदेशी दत्तक गेलेल्याला मात्र जन्मकुळापर्यंत पोहोचायचे असेल तर ‘मूळशोध’, म्हणजे त्या कुळाचा अधिकृत तपास, करावा लागतो, आणि त्यातही जन्मदात्यांची गोपनीयता राखूनच माहिती मिळते.