एल.सी.पी.एस.ची पाटी

आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची पितळी पाटी अजून आहे. नावाखाली अक्षरे आहेत, ‘एल.सी.पी.एस.’. लहानपणी मला ती फार मोठी पदवी वाटे. पुढे एका डॉक्टर मित्राने हसून सांगितले, “अरे, हे शाळेतले डॉक्टर. कॉलेजातले नव्हेत.” ते हसू मनात राहिले. त्याचा माग काढताना खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांचा इतिहास हाती लागला.

ब्रिटिश अमदानीत डॉक्टरांच्या दोन जाती होत्या. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजासारख्या (स्थापना १८४५) संस्थांतून पदवीधर निघत. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलसारख्या शाळांत मॅट्रिकनंतर प्रवेश मिळे आणि अभ्यासक्रमही आखूड असे. तिथून निघणारे ते ‘लायसेन्शिएट’. १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झाल्यावर आपल्याकडे त्यांना एल.सी.पी.एस. ही अक्षरे मिळाली. इतर काही प्रांतांत ती एल.एम.पी. होती. सरकारी नोकरीत त्यांचा हुद्दा ‘सब-असिस्टंट सर्जन’, पगार कमी आणि नेमणूक बहुधा तालुक्याच्या दवाखान्यात. आजोबा तालुक्याला गेले ते सेवाव्रत म्हणून नव्हे. दुय्यम डॉक्टराला जागाच तिथे होती. पण गेले आणि ३४ वर्षे राहिले.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्यातले आकडे आजही थांबवतात. ब्रिटिश हिंदुस्थानातील सुमारे ३० कोटी लोकांमागे नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७,५००. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट. परिचारिका सुमारे ७,००० म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. बहुसंख्य लोक खेड्यांत आणि बहुसंख्य डॉक्टर शहरांत, हे समितीने स्पष्ट नोंदवले.

याच समितीने लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून सर्वत्र एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा, अशी शिफारस केली. समितीतल्या काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवले. डॉक्टरांचा इतका तुटवडा असताना हे परवडणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र खुद्द लायसेन्शिएटांनाही दुय्यमपणाचा जाच नको होता. खेडुताला कमी शिकलेला डॉक्टर का म्हणून द्यायचा, हा प्रश्नही न्याय्यच होता. शाळांची कॉलेजे झाली किंवा त्या बंद पडल्या. १९४६ सालीच पुण्याच्या बी. जे. स्कूलचे कॉलेज झाले. जुन्या लायसेन्शिएटांना एम.बी.बी.एस. होण्यासाठी संक्षिप्त अभ्यासक्रम काढले गेले. आजोबा गेले नाहीत. दवाखाना कोणावर सोडणार, एवढेच ते म्हणत.

त्या शिफारशीची दुसरी बाजू मात्र आपण विसरतो. भोर समितीने नुसता डॉक्टर मागितला नव्हता. तातडीची योजना म्हणून ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, चार सुइणी, औषधनिर्माता आणि इतर सेवकवर्ग सुचवला होता. दूरची योजना तर १०,००० ते २०,००० वस्तीमागे ७५ खाटांच्या रुग्णालयाची होती. प्रत्यक्षात १९५२ साली समुदाय विकास कार्यक्रमातून प्राथमिक केंद्रे सुरू झाली ती अख्ख्या विकासगटासाठी, म्हणजे ६०,००० हून अधिक लोकांसाठी, आणि अपुऱ्या माणसांनिशी. पदवीचा दर्जा एक झाला. त्या पदवीला काम करता येईल अशी जागा खेड्यात उभी राहिली नाही. नवा पदवीधर मोठ्या रुग्णालयात, दहा सहकाऱ्यांच्या सोबतीने शिकला होता. तो शहरात थांबला, यात त्याचा एकट्याचा दोष काढता येत नाही.

पुढे निकष सुधारले. आज सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० वस्तीमागे प्राथमिक केंद्र, त्यावर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, अशी रचना कागदावर आहे. पण या वरच्या पातळीवर जे शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन हवेत, त्यांची देशाच्या ग्रामीण भागातली तूट केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीत सुमारे ८० टक्के आहे. मग अधूनमधून जुनी कल्पना डोके वर काढते. छत्तीसगडने २००१ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि थोड्याच वर्षांत तो बंद झाला. वाद पुन्हा तोच, खेड्यासाठी वेगळा डॉक्टर असावा का?

माझी भाची सध्या एम.बी.बी.एस.नंतरच्या सक्तीच्या सेवेत एका ग्रामीण रुग्णालयात आहे. परवा रात्री तिचा फोन आला. “मामा, अडलेली बाई आली होती. ऑपरेशन थिएटर आहे, पण सर्जनची जागा रिकामी, भूलतज्ज्ञ नाही, रक्त नाही. जिल्ह्याला पाठवली. पोचली म्हणे वेळेत.” ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “पणजोबा काय करायचे?”

मला नेमके उत्तर देता आले नाही. त्यांच्याकडे तिच्या निम्मेही ज्ञान नव्हते आणि त्यांच्या हातून माणसे दगावलीही असतील. ते दिवस परत यावेत असे मला वाटत नाही. पण ७५ वर्षे आपण डॉक्टर किती शिकलेला असावा यावर भांडत आलो. त्याच्या शेजारी आणखी कोण उभे असावे, हे भोर समितीने नावानिशी आणि संख्येनिशी लिहून ठेवले होते. ते पान आपण उलटून पुढे गेलो.