भोगवर्धनाचा समुद्र

जालना जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. गोदावरी, दुधना आणि पूर्णा एवढ्याच त्याच्या मोठ्या नद्या. तथापि केळणेच्या काठी असलेल्या भोकरदन येथे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनी जे उत्खनन केले, त्यात समुद्राखेरीज अन्यत्र न मिळणाऱ्या शंखाच्या बांगड्या निघाल्या, आणि इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी विलक्षण साम्य असलेली एक प्रतिमाही हाती आली. सांची व भारहुत येथील दानलेखांत कोरलेले भोगवर्धन ते हेच. उज्जयिनीहून प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणकडे, जाणाऱ्या मार्गावरील या पेठेची भरभराट अखेरीस भरुकच्छ (आजचे भरूच) बंदरी सुखरूप पोचणाऱ्या गलबतांवर अवलंबून होती.

या गलबतांना किनारा कसा ओळखू येई, याचे उत्तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये आहे. पैठण भरुकच्छाच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून सुलेमानी दगड गाड्यांवर लादून येतात, अशी नोंद करणारा हा हिशेबी गृहस्थ समुद्रसर्पांचीही तितकीच काटेकोर दखल घेतो: कच्छच्या आखाताशी ते मोठे व काळे असतात, भरुकच्छाच्या आसपास लहान, हिरवे आणि सोनेरी झाक असलेले. मोसमी वाऱ्याच्या बळावर अरबस्तान सोडून आलेल्या, कित्येक दिवस जमीन न पाहिलेल्या सुकाणूवाल्याला आपण कोणत्या मुलुखासमोर आलो हे या प्राण्यांच्या रंगावरून कळे. आणि पुढे नर्मदेच्या मुखातील उथळ, फसव्या पाण्यातून वाट दाखविण्यास राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी होड्या घेऊन सामोरे येत.

समुद्रातील जीव पाहून धीर यावा, हे काही सहजसाध्य नव्हते. इसवी सनापूर्वी ३२५ मध्ये मकरानच्या किनाऱ्यापुढे देवमाशांचे फवारे दिसताच सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या वल्हेकऱ्यांच्या हातून वल्ही गळून पडली, आणि त्याने युद्धप्रसंगाप्रमाणे जहाजांची तोंडे त्यांच्याकडे वळवून, रणशिंगे फुंकवीत चाल केली, असे ग्रीक इतिहासकार आरियन सांगतो. भयाचे कारण असलेला जीव वाटाड्या ठरावा, यासाठी पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण लागते.

आज मराठवाड्यातून दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्याला किंवा तारकर्लीला गेलेली मंडळी यांत्रिक होडीतून डॉल्फिन पाहतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने डॉल्फिनला अभय दिले आहे. आता हे दर्शन केवळ आनंदासाठी उरले आहे. तरी दूरच्या पाहुण्याला समुद्र वाचून दाखविणारा मनुष्य तेव्हाही आणि आजही किनाऱ्यावरचा कोळीच. आणि दख्खनच्या सार्थवाहांचा जमाखर्च जुळला, तो प्रथम त्याच्या नजरेच्या भरवशावर.