पुणे सार्वजनिक सभा आणि दुष्काळाचे मापन

१८७६–७८ च्या दख्खनमधील दुष्काळाचा विचार बहुधा पर्जन्य, धान्याचे भाव आणि मृत्युसंख्या यांच्या अनुरोधाने केला जातो. परंतु टंचाईची तीव्रता कोणी ठरवावयाची, हा प्रश्नही त्या काळी तितकाच महत्त्वाचा ठरला. तो ऐरणीवर आणण्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेचा वाटा मोठा होता.

ही सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे मिळविलेल्यांनाच तीत सभासदत्व असे. १८७६ साली पावसाने दगा दिला, तेव्हा गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली सभेने गावोगावच्या आपल्या वार्ताहरांकडून पीकपाणी, धान्याचे भाव, गुरांची स्थिती आणि दुष्काळी कामांची व्यवस्था यांविषयी माहिती मागविली. तिच्या आधारे तयार केलेली निवेदने वेळोवेळी सरकारकडे गेली. महसुली अंमलदारांच्या अहवालांस गावाकडून आलेली दुसरी साक्ष अशा रीतीने उपलब्ध झाली.

या साक्षीची कसोटी १८७७ च्या आरंभी लागली. हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी काटकसरीच्या हेतूने दुष्काळी कामांवरील मजुरी घटविण्याचा आग्रह धरला. दिवसाला एक पौंड धान्य व वर अल्पशी रोकड, हे तिचे मान होते. अंगमेहनत करणाऱ्याचा एवढ्यावर निर्वाह होणार नाही, असा सभेचा आक्षेप होता. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. मद्रासेत आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही या मानास विरोध केला व तेथे ते पुढे वाढवावे लागले. वाद मजुरीचा दिसत असला, तरी देह तगण्यास किती अन्न लागते याचा निर्णय कोणाच्या अनुभवावर व्हावा, हे त्याचे मर्म होते.

दुष्काळ आयोगाच्या १८८० च्या अहवालानंतर १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा सिद्ध झाला. १८९६ च्या दुष्काळात, टिळकांच्या प्रभावाखालील सभेने संहितेतील तरतुदी रयतेस समजावून देण्यासाठी प्रचारक धाडले. सरकारास हे रुचले नाही. १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. माहिती पुरविणारी सभा सरकारने काही काळ सोसली. लोकांना हक्क सांगणारी सभा मात्र त्यास असह्य झाली.

तथापि सभेच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. तिचे चालक शिक्षित व प्रतिष्ठित वर्गातील होते. खडी फोडणाऱ्या मजुराची, विशेषतः भूमिहीन व अस्पृश्य मानलेल्यांची, साक्ष तिच्या कागदांत बहुधा दुसऱ्याच्या लेखणीतून उतरते. १९७२ च्या दुष्काळकाळात आकारास आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या पायावर उभी राहिली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले. राबणाऱ्यानेच हिशेब तपासावा, हे तत्त्व कायद्यात येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. सभेची निवेदने अभ्यासताना, त्यांत कोण बोलते याइतकेच कोण बोलत नाही, हेही पाहणे अगत्याचे आहे.