गेलेले आणि राहिलेले

ज्या नायगाव-उमरीच्या मुलखात बसून आम्ही हे लिहीत आहो, त्याला सरहद्द ओलांडणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९४७-४८ साली निजामी अमलातील कित्येक कुटुंबे शेत, घर, गुरे टाकून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. कित्येक गेली नाहीत. गेलेल्यांच्या गोष्टी अद्याप निघतात, राहिलेल्यांच्या क्वचित. हे मनात ठेवून इब्री लोकांच्या इतिहासातील एक जुने प्रकरण आम्ही वाचले, तेव्हा तेथेही हीच उणीव दिसली.

इ. स. पूर्वी ९३० च्या सुमारास शलमोन राजा वारला आणि राज्य दुभंगले. दक्षिणेस यहूदात त्याचा पुत्र रहबाम राहिला. उत्तरेच्या दहा वंशांनी यराबामास राजा केले. यराबाम मोठा धोरणी. प्रजा सणावारी यरुशलेमेच्या मंदिरास जात राहिली तर तिचे मनही तिकडेच वळेल, हे ओळखून त्याने बेथेल व दान येथे सोन्याची वासरे स्थापिली आणि लेवी वंशाबाहेरचे लोक याजक नेमले. लेव्यांस स्वतंत्र प्रांत नव्हता; इतर वंशांच्या मुलखात विखुरलेली ४८ नगरे व त्यांभोवतीची गायराने, एवढेच त्यांचे वतन. ते टाकून ते यहूदात आले व त्यांच्या येण्याने रहबामाचे आसन तीन वर्षे बळकट झाले, असे 'इतिहास' नामक ग्रंथ सांगतो. हा ग्रंथ त्या घटनेनंतर कित्येक शतकांनी रचला गेला, आणि त्याहून जुन्या 'राजे' ग्रंथात ह्या स्थलांतराचा उल्लेख नाही. म्हणून ते घडलेच नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु यराबामाने लेव्यांस याजकपदावरून काढले होते, हेही 'इतिहास'कारच सांगतो. पूजा हातची गेल्यावर गाव सोडणाऱ्याची ती निष्ठा की हद्दपारी, हे ठरविणे सोपे नव्हे.

आणि सर्वच लेवी गेले काय? 'शास्ते' ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात दान येथील याजकांचे मूळ दिले आहे. गेर्षोमाचा पुत्र योनाथान व त्याचे वंशज देश पाडाव होईपर्यंत तेथेच याजक होते. हा गेर्षोम कोणाचा पुत्र? इब्री हस्तलिखितांत येथे 'मोशे' ह्या नावात 'न' हे अक्षर ओळीच्या वर टांगलेले असते, म्हणजे वाचणाऱ्याने 'मनश्शे' वाचावे. खुद्द मोशेचा नातू मूर्तीपुढे उभा होता, ही गोष्ट लेखकांस सोसवली नाही. पण मूळ अक्षरे खोडण्याचेही धैर्य त्यांस झाले नाही. त्या एका अधांतरी अक्षराइतका प्रामाणिक पुरावा आमच्या वाचनात क्वचितच आला असेल.

आपल्याकडे गोमंतकात असेच घडले. १५४३ साली साष्टी व बारदेश पोर्तुगीजांकडे गेले. जुवारी नदीपलीकडचे अंत्रूज आदिलशाहीत राहिले. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला. त्याच दशकात केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडली गेली. लेव्यांस मंदिर उचलून नेता आले नाही, त्यांस मंदिराकडे जावे लागले. येथे पुजाऱ्यांनी व महाजनांनी देवच उचलून नेला. जमीन मात्र दोघांचीही मागेच राहिली. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी मराठेशाहीत वजन असलेल्या सारस्वत मुत्सद्द्यांनी ह्या देवस्थानांस उत्पन्ने मिळवून दिली, तेव्हा कोठे त्यांचा जम बसला.

जे राहिले, त्यांतील पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला आणि गावकरीतील हिस्सा घरात राखला. त्यांस निष्ठाहीन म्हणण्याची घाई करणाऱ्याने कुंकळीस जावे. १५८३ साली जेथे पाच जेझुइटांचा वध झाला व मागाहून बोलावून नेलेल्या गावकऱ्यांची कत्तल झाली, तेच हे गाव. तेथील शांतादुर्गा फातर्प्यास नेली गेली. परंतु शिमग्याच्या दिवसांत छत्रोत्सवाला देवी फातर्प्याहून आपल्या जुन्या जागी कुंकळीस येते. बारा वांगडांची बारा छत्रे तिच्याबरोबर असतात. आणि ज्या वांगडांची घरे आज ख्रिस्ती आहेत, त्यांचाही मान त्या मिरवणुकीत चालत आलेला आहे.